आपल्या वावराचे पैसे

सज्जनहो, कीर्तनकाराला शंका विचारणारे पुष्कळ भेटतात. कोणी विचारतो जीव-शिवाचे ऐक्य कसे समजावे, कोणी विचारतो एकादशीला साबुदाणा चालतो की नाही. त्या शंकांची उत्तरे ग्रंथांत सापडतात, आणि नाही सापडली तर 'पुढच्या खेपेस सांगतो' म्हणून वेळ मारून नेता येते. पण एखादा भोळा माणूस शंका म्हणून नव्हे, सहजच एक वाक्य बोलून जातो आणि आपण निरुत्तर होतो. माझे तसे झाले. ती हकीकत आणि तिच्यावर झालेला विचार आज तुमच्यापुढे ठेवतो. यात माझीच उणीव आहे, म्हणून सांगायला जड जाते. पण दुसऱ्याच्या दोषावर तासभर निरूपण करणाऱ्याने आपला दोष झाकून ठेवावा हे बरे नव्हे.

२०२४ सालच्या ऑक्टोबरची ५ तारीख. नवरात्राचे दिवस. आमच्या मंगरूळपीरच्या शेजारी मानोरा तालुका आहे, त्यात पोहरादेवी. बंजारा समाजाचे ते मोठे तीर्थ. त्या दिवशी देशाचे पंतप्रधान तेथे आले होते आणि तेथूनच पीएम किसान सन्मान निधीचा अठरावा हप्ता सोडण्यात आला. देशातल्या नऊ कोटींहून अधिक शेतकऱ्यांच्या खात्यांत मिळून सुमारे वीस हजार कोटी रुपये गेले. त्याच दिवशी राज्य सरकारच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचा पाचवा हप्ताही आला. म्हणजे ज्याचे दोन्हीकडे नाव आहे, त्याच्या खात्यात एका दिवसात चार हजार रुपये पडले.

संध्याकाळी आमच्याच तालुक्यातल्या एका गावी माझे कीर्तन होते. मंडपात बसलेल्यांच्या खिशात फोन टिणटिण वाजत होते. कोणी बाहेर काढून हळूच पाही, शेजाऱ्याला दाखवी. मी म्हटले, विषय आयताच हाती आला. आणि मी द्रव्यशुद्धीवर बोललो. पाणी गाळून पिता, मग पैसा का गाळून घेत नाही, असे विचारले. ज्याला ही रक्कम घेण्याचा अधिकार नाही त्याने ती घेतली तर तो गरिबाच्या ताटातला घास आहे, असे ठणकावून सांगितले. लोकांनी माना डोलावल्या. काहींनी खालीही घातल्या. मला वाटले, आज कीर्तन चांगले रंगले.

आरती झाली, बुक्का लावला, लोक पाया पडून जाऊ लागले. त्यात माझे शेत बटईने करणारा गृहस्थही होता. त्याने वाकून नमस्कार केला आणि अगदी आनंदाने विचारले, "महाराज, आपल्या वावराचे पैसे आले काय जी?"

मी म्हटले, "आले."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि चपला शोधायला निघून गेला.

त्याच्या बोलण्यात खोच नव्हती, मागणे नव्हते. पण 'आपल्या वावराचे' हा शब्द मला रात्रभर झोप देईना. वावर आपले, म्हणजे कोणाचे? चार एकरांचा सातबारा वडिलांच्या मागे माझ्या नावावर झाला. कीर्तनासाठी गावोगाव फिरावे लागते म्हणून गेली कित्येक वर्षे मी त्यात नांगर धरलेला नाही. वखरणी, पेरणी, डवरणी, फवारणी, सोंगणी सगळे तो आणि त्याचे घरचे करतात. रात्री रानडुकरांच्या मागे तोच धावतो. माल निघाला की खर्च जाऊन निम्मे त्याचे, निम्मे माझे. आणि 'शेतकरी सन्मान' म्हणून जे पैसे येतात ते सगळे माझ्या खात्यात! सन्मान शेतकऱ्याचा, आणि हार माझ्या गळ्यात.

आता शास्त्राच्या रीतीने पाहू. आधी हे ठरवले पाहिजे की हा पैसा आहे तरी कोणत्या जातीचा? दान आहे, मोल आहे, की हक्क आहे?

दान म्हणावे तर गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे सात्त्विक, राजस, तामस असे तीन प्रकार केले आहेत आणि सात्त्विक दानाला देश, काल, पात्र पाहण्याची अट घातली आहे. पण दान देणारा आपले देतो. सरकारपाशी आपले असे काय आहे? जे आहे ते लोकांचे. आणि लोक म्हणजे फक्त प्राप्तिकर भरणारे मोठे लोक नव्हेत. आमच्याकडे निंदायला येणारी बाई साबणाची वडी घेते, चहाची पुडी घेते, त्या प्रत्येकावर कर असतो. तिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, म्हणून तिला हा निधी नाही. पण निधीच्या थैलीत तिचाही पैसा आहे. म्हणजे जिला आपण मजुरीण म्हणतो ती या हिशेबाने आपली दाती झाली. हे एकदा ध्यानात आले की हप्ता हातात घेताना माणूस जरा जपून घेईल.

मोल म्हणावे तर कोणत्या कामाचे? आणि हक्क म्हणावे तर त्यात तथ्य आहे. शेतकरी भीक मागत नाही. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनला सरकारने ठरवलेला हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि त्या हंगामात बाजारात कित्येक दिवस त्याच्या पुष्कळ खाली माल विकावा लागला. जो माणूस साऱ्यांना स्वस्तात खाऊ घालतो त्याला वर्षाकाठी सहा हजार दिले तर ते उपकार नव्हेत. सहा हजारांचे रोजचे होतात सोळा-सतरा रुपये. एवढ्यासाठी कोणी शेतकऱ्याला फुकटखाऊ म्हणू नये.

राज्यकर्त्याने शेतकऱ्याच्या पाठीशी उभे राहावे ही कल्पनाही नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, जनपद कसे वसवावे ते सांगताना, राजाने कसणाऱ्यांना धान्य, जनावरे आणि पैसा देऊन साहाय्य करावे व त्यांनी ते सोयीने परत करावे असे सांगितले आहे. इंग्रजी अमलात १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनुसार तगाई मिळत असे. आपल्या आजे-पणज्यांच्या तोंडी तो शब्द होता. ते कर्ज होते, फेडावे लागे. हा निधी फेडावा लागत नाही, एवढाच फरक. पण कौटिल्याच्या त्याच प्रकरणात आणखी एक वाक्य आहे, ते मी आजवर वाचून पुढे जात होतो. जो जमीन कसत नाही त्याच्याकडून ती काढून दुसऱ्याला द्यावी, असे तो म्हणतो. त्या रात्री ते वाक्य मला पुन्हा आठवले. कौटिल्य मंगरूळपीरला तलाठी होऊन आला असता, तर माझे काय झाले असते?

असो. तेव्हा हा पैसा हक्काचा आहे असे धरू. पुढचा प्रश्न, हक्क कोणाचा?

सरकारने नियम केले आहेत. योजना २०१९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. आधी दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठी होती, त्याच वर्षी ती सर्व जमीनधारकांना लागू झाली. पती, पत्नी आणि अज्ञान मुले मिळून एक कुटुंब, आणि कुटुंबाला एकच लाभ. प्राप्तिकर भरणारा, सरकारी नोकरीतला किंवा तिच्यातून निवृत्त झालेला (चतुर्थ श्रेणी सोडून), महिना दहा हजार वा त्याहून अधिक निवृत्तिवेतन घेणारा, व्यवसाय करणारा डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आमदार-खासदार हे सगळे वगळलेले. राज्याने २०२३ मध्ये त्याच याद्यांवर आपले तेवढेच पैसे घातले.

या नियमांच्या बाहेर राहून ज्यांनी घेतले त्यांच्याविषयी फार बोलण्याची गरज नाही. नवरा-बायकोने वेगवेगळे अर्ज केले, नोकरदाराने नोकरी लपवली, कर भरणाऱ्याने कर लपवला. तहसिलातून वसुलीच्या नोटिसा निघाल्या, काहींनी भरले, काही अजून 'पाहू' म्हणतात. हे सरळ परद्रव्य आहे. त्याने अभिषेक केला काय, अन्नदान केले काय, ते मुळातच दुसऱ्याचे आहे. ज्याने घेतले असेल त्याने परत करावे आणि मोकळे व्हावे. लाज वाटत असेल तर ती एक दिवसाची असते.

पण माझे तसे नाही. मी कर भरत नाही, मला निवृत्तिवेतन नाही, सातबारा माझा आहे, आधार जोडलेला आहे, ई-केवायसी झालेली आहे. नियमाने पाहिले तर माझा पैसा गंगेसारखा स्वच्छ. आणि खरी अडचण येथेच आहे. जे नियमात बसते ते धर्मात बसतेच असे आहे काय?

नियमाला सातबारा दिसतो, घाम दिसत नाही. हा नियमाचा दोष म्हणा, पण तो आपोआप पडलेला नाही. त्याला आपण मालकांनी हातभार लावला आहे. विदर्भासाठी १९५८ साली कूळकायदा झाला. कसणाऱ्याला जमिनीत हक्क मिळावा हा त्याचा हेतू, आणि पुष्कळांना तो मिळालाही. पण 'कूळ लागेल' ही धास्ती तेव्हापासून मालकांच्या मनात जी बसली ती बसलीच. म्हणून बटई असो, मक्ता असो, सगळे तोंडी. अक्षयतृतीयेच्या सुमारास बोलणे होते, सुपारी फुटते, कागद कोणी करत नाही. कागद नाही म्हणून कसणाऱ्याला पीककर्ज नाही. पीकविम्यात त्याला भाग घेता येतो, पण नोंदवलेला भाडेकरार लागतो. तो कोण करून देतो? गारपीट झाली, अतिवृष्टी झाली, पंचनामा शेताचा होतो आणि भरपाई सातबाऱ्यावरच्या नावाला जाते. आणि सन्मान निधी तर सरळ जमीनधारकालाच. अशा रीतीने एकाच माणसाला चारही दारे बंद, आणि चारही किल्ल्या आमच्या कनवटीला.

दुसरी वाट निघू शकत नाही असे नाही. ओडिशा राज्याने २०१८ च्या अखेरीस 'कालिया' नावाची योजना आणली, तिच्यात बटईदार आणि भूमिहीन शेतमजूर यांनाही धरले होते. ती कितपत नीट चालली हा निराळा विषय. पण सरकारला कसणारा दिसू शकतो, पाहायची इच्छा पाहिजे, एवढे त्यावरून कळते. उलट युरोपात एकराच्या मापाने शेतीला पैसे देतात, आणि सुमारे ८० टक्के रक्कम २० टक्के शेतकऱ्यांकडे जाते असे तेथलेच राज्यकर्ते कबूल करत आले आहेत. म्हणजे हा पेच काही आपल्या तालुक्यापुरता नाही. जमिनीकडे पाहून पैसा दिला की तो जमिनीच्या धन्याकडे जातो, कसणाऱ्याकडे जाईलच असे नाही.

आता पूर्वपक्ष ऐकू. मी स्वतःशीच मांडलेला आहे, म्हणून तो मला चांगला ठाऊक आहे.

पहिला आक्षेप असा की, नियम सरकारने केला, मी नव्हे. दोष असेल तर सरकारचा. उत्तर असे की, वाट चुकलेले वासरू आपल्या गोठ्यात शिरले तर त्यात आपला दोष नाही. पण ते कोणाचे आहे हे कळल्यावर दावे बांधून दूध काढत बसलो, तर दोष लागतो. सरकारने पैसे माझ्या खात्यात टाकले येथवर मी निर्दोष. कोणाच्या श्रमाच्या नावाने टाकले हे कळल्यानंतरचा हिशेब माझा.

दुसरा आक्षेप असा की, जमिनीची मालकी माझी, मी बटई निम्मी देतो, यात अन्याय कोठे? उत्तर असे की, पिकात अन्याय नाही. पिकात जमिनीचा वाटा आहे, श्रमाचा वाटा आहे, दोन्ही वाटले गेले. पण हा निधी पिकाचा नव्हे. शेती करण्याच्या ओझ्याला हातभार म्हणून आलेला आहे. ओझे दोघांच्या डोक्यावर आणि हातभार एकालाच, हे कसे? जे बियाण्याला आणि खताला द्यायचे ते दोघांचेच.

तिसरा आक्षेप खरा आहे आणि तो कोणी मोठ्याने बोलत नाही. त्याला पैसे दिले तर उद्या तो म्हणेल, मी कूळ आहे. म्हणजे आपल्याला भीती धर्माची नाही, कोर्टाची आहे. यावर मी एवढेच म्हणतो: ज्या माणसाच्या हाती आपण वर्षभर शेत, विहीर, बैल आणि खळ्यावरची रास सोपवतो, त्याच्यावर चार हजारांपुरता विश्वास ठेवता येत नाही काय? आणि इतका अविश्वास असेल तर कायद्याच्या जाणकाराला विचारून नीट करार करावा. भीती हे अन्यायाचे कारण असू शकते, समर्थन असू शकत नाही.

चौथा आक्षेप आमच्या घरातला. मंडळी म्हणाल्या, "एवढ्याशा पैशात वाटणी काय करता? आपल्या घरी तरी कोठे कोठार भरले आहे?" हे अगदी खरे. दोन हजारांत दुकानदाराची उधारीसुद्धा फिटत नाही. पण जे आपल्याला एवढेसे आहे ते त्याला किती आहे, हे त्याच्या घरी जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. मी गेलो होतो. मग मंडळी काही बोलल्या नाहीत.

आपल्या संतमंडळींत सरकारी कोठाराशी ज्यांचा थेट संबंध आला ते मंगळवेढ्याचे दामाजीपंत. दुष्काळ पडला, लोक अन्नावाचून मरू लागले, तेव्हा पंतांनी बादशाहाचे कोठार हुकमाविना उघडले. ही कथा आपण सगळे सांगतो, ऐकतो, रडतो. पांडुरंगाने विठू महाराचे रूप घेतले आणि बेदरला जाऊन धान्याची किंमत भरली, येथे टाळ्या पडतात. पण पुढचा भाग घाईने उरकला जातो, तो असा की देवाने नुसते पैसे भरले नाहीत, पावती घेतली. मी चाळीस वर्षे ही कथा करतो; पावतीचा अर्थ मला आता लागला. दया केली म्हणून हिशेब माफ होत नाही. पंतांनी नियम मोडला तो भुकेल्यांसाठी, आणि तरीही ज्याचे त्याला पोचले पाहिजे म्हणून देवाला पायपीट पडली. मी तर नियम पाळला तो स्वतःसाठी, आणि हिशेब कोणाशीच केला नाही.

तुकोबारायांविषयी परंपरा सांगते की कर्जखते इंद्रायणीत बुडवताना त्यांनी आपल्या वाट्याचीच बुडवली. भावाचा वाटा भावाला देऊन टाकला. वैराग्याच्या भरातही दुसऱ्याच्या वाट्याला हात लावला नाही. छत्रपतींकडून आलेला नजराणा त्यांनी परत केला हेही आपण सांगतो. पण मी तुम्हाला हप्ता परत करा असे सांगणार नाही. तो अधिकार तुकोबांचा. सोयाबीनवर संसार चालवणाऱ्याने हक्काचे घ्यावे. फक्त त्यात भावाचा वाटा किती, हे पाहावे.

मग मी माझा हिशेब केला. केंद्राचे अठरा हप्ते, दोन हजारांप्रमाणे छत्तीस हजार. राज्याचे पाच, म्हणजे दहा हजार. एकूण शेहेचाळीस हजार. इतकी सगळी वर्षे शेत तोच करत होता. निम्मे म्हणजे तेवीस हजार. पैसे कशात गेले हे आठवत बसलो. पेटीची दुरुस्ती, धाकट्या नातवाची फी, औषधे. आणि एका आषाढीला पंढरीला जाण्याचा सगळा खर्च त्यातूनच केला होता. हे आठवले आणि मी वही मिटली. चंद्रभागेत स्नान केले, कळसाला हात जोडले, ते कोणाच्या पैशावर? ज्याला पेरणी सोडून वारीला येता येत नाही त्याच्या.

मी त्याला घरी बोलावले आणि सगळे सांगितले. तो एकदम संकोचला. म्हणाला, "नाही जी महाराज, ते तुमच्या नावाचे हायेत. मी कसे घेऊ? लोक काय म्हनतीन?" मी पुष्कळ सांगितले. शेवटी म्हणाला, "तुमी देसान तं घेईन, पन मी मांगलं नाही, हे ध्यानात ठेवजा." हे वाक्य मी ध्यानात ठेवले आहे. त्याने मागितले नाही म्हणून त्याचे नव्हते, असे मी पाच वर्षे धरून चाललो होतो.

आमचे ठरले ते असे. यापुढे दोन्ही हप्ते आले की आधी शेताच्या खर्चात जमा धरायचे. बियाणे, खत, फवारणीचे औषध त्यातून. उरलेल्या खर्चाची आणि पिकाची बटई ठरल्याप्रमाणे. यात कोणी कोणाला दान दिले असे होत नाही, आणि घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. मागचे तेवीस हजार एकदम देण्याची माझी ऐपत नव्हती. हंगामाला थोडे थोडे करून फेडायचे कबूल केले. काही दिले, काही राहिले आहे. राहिलेले लिहून देव्हाऱ्यातल्या पोथीत ठेवले आहे, म्हणजे रोज दिसेल.

याने सगळे निस्तरले असे मी म्हणत नाही. निंदणाऱ्या बाईचा वाटा या हिशेबात कोठेच आला नाही, आणि तो कसा आणावा हे मला अजून उमजलेले नाही. तिची मजुरी वेळेवर आणि पूर्ण द्यावी, एवढे तूर्त माझ्या हातात आहे. कोणा वाचक सज्जनाला यापेक्षा चांगली वाट सुचली तर त्याने अवश्य सांगावी.

मंगरूळपीर हे बिरबलनाथ महाराजांच्या देवस्थानाचे आणि दादा हयात कलंदरांच्या दर्ग्याचे गाव. देण्याघेण्याचे बोलणे येथे दोन्ही दारांत चालते. पण घेतलेल्याची शुद्धी देवळात वा दर्ग्यात होत नाही, ती बांधावर होते. म्हणून ज्यांचे शेत दुसरा कोणी कसतो अशा माझ्या वारकरी बंधूंना आणि माउलींना हात जोडून विनंती आहे की, पुढच्या वारीला पताका खांद्यावर घेण्यापूर्वी एकदा कसणाऱ्याच्या शेजारी बसून हिशेब करावा. त्याने 'आपल्या वावराचे पैसे आले काय' असे विचारले, तर 'हो, आपल्या दोघांचे आले' असे उत्तर देता यावे.

रामकृष्णहरि.